जिन्यावर कोण बसलं होतं

आमचं वक्तृत्व मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात भरतं. जागा फुकट मिळते, कारण स्कूलचा मालक, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, स्वतःच मंडळाचा सभासद आहे. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आहेत, आणि भाषणाला उभं राहायची जागा नेमकी अशी आहे की वक्त्याच्या डोक्यामागे ‘पुढे रस्ता बंद’ ही खूण येते. तक्ता हलवायचा विषय मध्ये एकदा निघाला होता. मास्तर म्हणाले, तक्ता काढला तर सोबत भिंतीचं प्लॅस्टर येईल, ते कोण भरून देणार? तेव्हापासून सगळे सभासद त्याच खुणेखाली उभे राहून आयुष्यात पुढे कसं जायचं ते सांगत आले आहेत.

शिकाऊ लोकांना दाखवायला ठेवलेला एक बुटका सिग्नलही वर्गात आहे. तो आम्ही वेळेसाठी वापरतो. हिरवा लागला की भाषण पुरेसं झालं, पिवळा लागला की आवरतं घ्या, तांबडा लागला की थांबा. तांबड्यानंतरही जो थांबत नाही, त्याच्यासाठी मंडळाने फार सभ्य इलाज काढलाय. सगळे मिळून टाळ्या वाजवायला लागतात आणि वक्ता खाली बसेपर्यंत वाजवत राहतात. नव्या पाहुण्यांना वाटतं, भाषण फार आवडलं. माणसाला इतक्या सन्मानाने गप्प करायची सोय दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर औषधाच्या दुकानाची मालकीण बसते. तिला सगळे औषधवाली म्हणतात, तोंडावर आणि मागेही. तिच्या मांडीवर तिच्याच दुकानातली घंटी असते. बोलता बोलता कुणी ‘अं’, ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ असलं भरताड घातलं की ती घंटी मारते. तिला नातं, वय, हुद्दा काही दिसत नाही. एकदा स्वतःच्या भाषणात ‘अं’ आल्यावर ती लेक्टर्नपासून, म्हणजे वक्त्याच्या पुढ्यातल्या उंच स्टँडपासून, कोपऱ्यात गेली, घंटी मारली, परत आली आणि पुढचं वाक्य बोलली.

राहिला एक नियम, ज्याच्यामुळे ही सगळी हकीकत घडली. प्रत्येक भाषणाचं दुसऱ्या सभासदाने मूल्यमापन करायचं. भाषण कसं झालं ते सांगायचं. भाषणात काय होतं त्यावर चकार शब्द काढायचा नाही. एका सभासदाने स्वतःच्या सासूवर भाषण केलं आणि मूल्यमापन करणाऱ्याने सासूची बाजू घेतली, त्या गुरुवारनंतर हा नियम झाला. ज्याचं मूल्यमापन होतं त्याने ते ऐकून घ्यायचं आणि फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं. जास्तीचं काही बोललं तर घंटी.

मंडळाचा सगळ्यात वजनदार वक्ता म्हणजे चष्मेवाला. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान आहे, मागच्या खोलीत डोळे तपासायची सोय. कपाळ पार मागे सरकलेलं, आवाज भरदार. त्याच्याकडे भाषणं तशी बरीच आहेत, पण चालणारं एकच, आणि ते तो गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवावी तसा कधी जरा या बाजूने, कधी त्या बाजूने दाखवत असतो. त्यात त्याची धाकटी बहीण जिन्यावर बसून रडत असते. तिचं शिवणकामाचं पहिलंवहिलं दुकान बसलंय, शिलाई मशीन बंद पडलंय, सगळं संपलंय. चष्मेवाला जिना चढून येतो. तिच्या खांद्यावर हात ठेवतो. थांबतो. आणि म्हणतो, ‘मशीन बंद पडलंय. तू नाहीस.’

हे वाक्य मंडळात फार मुरलं होतं. मास्तर तर रस्त्यात गाडी बंद पाडून रडकुंडीला आलेल्या शिकाऊ माणसाला ‘गाडी बंद पडलीय, तुम्ही नाही’ असं सांगून पुढच्या क्लासची वेळ देत. हेच भाषण घेऊन चष्मेवाला आता विभागीय स्पर्धेला जाणार होता.

बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं स्वतःचं दुकान आहे, कपडे बेतून आणि दुरुस्त करून देण्याचं. शाळा उघडायच्या सुमारास तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे महिने चेन बदलायच्या आणि पँटची लांबी कमी करायची. त्यामुळे स्टेशनजवळच्या हॉटेलच्या मॅनेजरने सगळ्या नोकरवर्गाचे गणवेश बेतण्या-दुरुस्तीचं बारमाही काम बाहेर द्यायचं ठरवल्याचं कळलं, तेव्हा ती नमुने घेऊन गेली. हे काम मिळालं तर दुकानाचं बूड स्थिर होणार होतं. नाही मिळालं तर तिच्याकडे मदतीला येणाऱ्या बाईला ‘आता येऊ नका’ म्हणायची वेळ येणार होती.

मॅनेजरने कोट उलटा करून आतली शिवण पाहिली. म्हणजे माणसाला कळत होतं.

‘काम उत्तम आहे,’ तो म्हणाला. ‘पण ताई, तुम्हाला झेपेल ना?’

‘न झेपायला काय झालं? कोटच आहेत.’

‘कोटांचं नाही म्हणत मी. आमच्याकडे सारखी घाई. एखाद्या दिवशी मशीन बंद पडलं, त्यात आमची माणसं दारात उभी… तुम्ही एकदा त्यातून गेला आहात.’

‘कशातून?’

तेव्हा मॅनेजरने आवाज खाली आणून तिला तिचीच गोष्ट सांगितली. तो आमच्या मंडळाचा सभाध्यक्ष आहे, त्यामुळे सांगितली चांगली. जिना, गुडघ्यात घातलेलं डोकं, भावाचा हात, मग वाक्य.

‘मी नव्हते रडले,’ बहीण म्हणाली.

मॅनेजरने मायेने मान हलवली. ‘रडण्यात लाज कसली, ताई.’

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ती जितकी नाही म्हणाली असती, तितकी ती त्याच्या डोळ्यांसमोर जिन्यावर आणखी एक पायरी खाली सरकली असती. कुणाला द्यायचं ते पंधरवड्यात ठरवतो, असं तो म्हणाला.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. चष्मेवाला टेबलाशी बसून स्वतःचा चष्मा पुसत होता आणि वहिनी भाजी निवडत होती.

‘दादा, जिन्यावर कोण बसलं होतं?’

‘कुठल्या जिन्यावर?’

‘आपल्याला जिने किती होते?’

चष्मेवाल्याने चष्मा दिव्याकडे धरून पाहिला. काच स्वच्छ होती. तरी तो पुसत राहिला. ‘अगं, ती गोष्ट आहे. गोष्टीत थोडं इकडचं तिकडे होतं.’

‘थोडं? दुकान तुझं बसलं. काचा घासायचं मशीन तुझं बंद पडलं. जिन्यावर तू बसला होतास, तिथे मला नेऊन बसवलंस. मी उभी होते तिथे जाऊन तू उभा राहिलास. आणि वाक्य माझं होतं, तेही उचललंस.’

वहिनीचा भाजी निवडणारा हात थांबला. ‘ते वाक्य वन्संचं आहे?’

‘कुणाचं का असेना,’ चष्मेवाला म्हणाला. ‘लोकांना धीर येतो.’

‘लोकांचं सोडा. लग्न ठरायच्या आधी बागेत बसून मला ऐकवलं होतंत. त्याच्यावर मी आईला हो म्हणून सांगितलं.’ वहिनीने एक जून शेंग बाजूला टाकली. ‘बरं झालं, आज तरी कळलं.’

‘तू मध्ये नको गं,’ चष्मेवाला म्हणाला आणि बहिणीकडे वळला. ‘छोटे, असं बघ. मी रडत बसलो होतो असं चारचौघांत सांगितलं, तर माझ्याकडे डोळे तपासायला कोण येईल? दुकान चालवणाऱ्याने ठाम दिसावं लागतं.’

‘आणि मी रडत बसले होते असं तू सांगितलंस, म्हणून माझ्या दुकानापुढे रांग लागलीय, नाही का?’

चष्मेवाल्याने पुन्हा चष्मा दिव्याकडे धरला. तो तयारी केल्याशिवाय बोलणारा माणूस नव्हे. मग म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात स्पर्धा होऊन जाऊ दे. मग नाही सांगत. पाठ झालंय गं सगळं.’

‘हॉटेलवाला त्याच्या आधी ठरवणार आहे.’

‘मग तू सांग की त्याला.’

‘सांगितलं. त्याने मान हलवली.’

वहिनी शेंगा धुवायला उठली. जाता जाता म्हणाली, ‘तुमच्या त्या मंडळात बायकांना घेतात ना?’

बहीण पुढच्याच गुरुवारी सभासद झाली. पहिली ओळख करून देण्यापुरती ती ‘मी कपडे दुरुस्त करते, फाटलं असेल तर या’ एवढंच बोलली, आणि सगळे चहाकडे वळले तेव्हा फळ्याजवळ गेली. फळ्यावर येत्या गुरुवारच्या कामांची वाटणी लिहिलेली असते. चष्मेवाल्याच्या भाषणासमोर मूल्यमापनाची जागा रिकामी होती, नेहमीच असते. त्याच्यात चूक काढायची काय असा सगळ्यांना प्रश्न. बहिणीने तिथे खडूने ‘बहीण’ असं लिहिलं. मॅनेजरने पाहिलं आणि त्याचे डोळे भरून यायच्या बेतात आले. ‘काय योग आहे,’ तो म्हणाला. ‘मी पण माझं उत्तर त्या दिवशीच देतो, ताई. सभा झाल्यावर.’

तो गुरुवार उजाडला. नेहमीपेक्षा हजेरी चांगली होती. मॅनेजरने सभा सुरू केली. चष्मेवाला ‘पुढे रस्ता बंद’च्या खाली उभा राहिला आणि त्याने आपलं भाषण केलं. एक गोष्ट मान्य केली पाहिजे: समोरच्या रांगेत बहीण बसलेली असूनही त्याने त्यातला काना-मात्रा बदलला नाही. याला धाडस म्हणायचं की पाठांतर, हे ज्याचं त्याने ठरवावं. जिना आला, गुडघे आले, हात खांद्यावर गेला. तो थांबला. वर्ग थांबला. वाक्य आलं. पिवळा लागायच्या आत भाषण संपलं आणि औषधवालीची घंटी एकदाही वाजली नाही. टाळ्या झाल्या, त्या खऱ्या.

मग बहीण उठली. हातात कागद नव्हता.

‘सभाध्यक्ष, सभासद मंडळी आणि आजचे वक्ते,’ ती म्हणाली. ‘वक्त्यांचा आवाज चांगला आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. लहानपणी घरीही पोचायचा, मधल्या दोन भिंतींतून.’

वर्ग हसला. चष्मेवालाही हसला, जरा कमी.

‘आता हातवारे. जिन्यावर बसलेल्या माणसाचं सांगताना वक्त्यांचे खांदे पुढे आले, आणि उजव्या हाताने त्यांनी डावं मनगट घट्ट धरलं. हे अगदी बरोबर जमलं. जिन्यावर बसून रडणारा माणूस अस्संच मनगट धरतो. हे बघून येत नाही, अंगातच असावं लागतं. इथे मला काढायला काही सापडलं नाही.’

औषधवालीने घंटीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

‘धीर देणाऱ्याचं सांगायला लागल्यावर मात्र हात अवघडले. वक्त्यांनी हात ठेवला तो इथे.’ तिने छातीच्या उंचीवर हवेत हात धरून दाखवला. ‘जिन्यावर बसलेल्याचा खांदा एवढ्या उंचीवर नसतो. तो आपल्या गुडघ्यापाशी असतो. ज्याने ठेवलाय त्याचा हात आपोआप खाली जातो, त्याला शिकवावं लागत नाही. वक्त्यांचा हात वरच राहिला. मी मुद्दाम पाहत होते.’

मॅनेजरने एक बोट वर केलं. ‘ताई, मजकूर नको हं.’

‘मजकुराला मी हात लावलेला नाही. हाताच्या उंचीबद्दल बोलतेय.’

मॅनेजरने मास्तरांकडे पाहिलं. नियमांच्या बाबतीत आमच्याकडे मास्तरांचा शब्द चालतो, कदाचित भिंतीवरच्या तक्त्यांमुळे. ‘उंची मांडणीत येते,’ मास्तर म्हणाले. ‘जाऊ द्या त्यांना पुढे.’

‘शेवटचा मुद्दा,’ बहीण म्हणाली. ‘ते मशीनचं वाक्य. वक्ते त्याच्याआधी थांबतात. थांबणं छान वाटतं, पण मला शंका आहे. असलं वाक्य बोलणारा माणूस थांबत नाही. त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, पाय दुखत असतात, आणि वाटेत कुणीतरी बसलेलं असतं. तो बोलून मोकळा होतो. थांबतो तो ऐकणारा. त्याला नंतर कधीतरी ते वाक्य आठवतं, आणि तो ते जपून ठेवतो. वक्ते ते वाक्य जपून ठेवल्यासारखं म्हणतात. बोलणाऱ्यासारखं म्हणत नाहीत. त्यामुळे माझी सूचना एवढीच की जे काम वक्त्यांना अंगातून जमतं, बसलेल्या माणसाचं, ते त्यांनी स्वतःकडे ठेवावं. उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं. बाकी आवाज उत्तम, हे पुन्हा सांगते.’

ती बसली. टाळ्या वाजल्या, सभ्य, मोजक्या. चष्मेवाल्याला आता नियमाप्रमाणे एकच शब्द बोलायचा होता. तो उठला, लेक्टर्नच्या कडेला धरून उभा राहिला, आणि त्याच्या उजव्या हाताने डावं मनगट धरलं. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सोडलं.

‘धन्यवाद,’ तो म्हणाला.

यातलं कुणाला किती कळलं याचा हिशेब मांडायचा तर जमेच्या बाजूला औषधवाली. ती दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावत बसते. न लिहिलेलं वाचायची तिला सवय आहे. मास्तरांना निम्मं कळलं आणि उरलेलं निम्मं कळायला ते बहिणीकडे आणि मग चष्मेवाल्याकडे आळीपाळीने बघत राहिले. बाकी मंडळाला उंचीचा मुद्दा कळला. दोघातिघांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उंची तपासूनही पाहिली. आणि ज्याला कळण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या मॅनेजरने उभं राहून सांगितलं, ‘विरामाबद्दलचं निरीक्षण मोलाचं. आपण सर्वांनीच यावर काम करू या.’

बहिणीने पर्स मांडीवर घेतली आणि ती उघडून बंद केली. जेवढं नियमात बसत होतं तेवढं तिने बोलून घेतलं होतं.

बाकीची भाषणं आणि त्यांची मूल्यमापनं आटोपली. पुढचा भाग उत्स्फूर्त भाषणांचा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर एखादी वस्तू. उचलायची आणि तयारीशिवाय दोन मिनिटं बोलायचं. यात एक अघोषित सवलत आहे. वस्तू कुठलीही निघो, ज्याला जे बोलायचंय ते तो बोलतोच. ‘साबण’वरून निघालेले सभासद जावयापर्यंत पोचलेले आम्ही पाहिलेत. चष्मेवाला या डब्याला कधी हात लावत नसे. त्याचं सगळं वजन पाठांतरावर, आणि ही वाट निसरडी.

‘कोण सुरुवात करतंय?’ मॅनेजरने विचारलं.

‘मी,’ चष्मेवाला म्हणाला.

औषधवालीने घंटी जवळ ओढली. चष्मेवाल्याने चिठ्ठी उचलली, उघडली आणि वाचली. ‘कंगवा.’

त्याच्या डोक्याकडे पाहून वर्गाला हसू आवरेना. त्यानेही टाळूवरून हात फिरवला. मास्तरांनी हिरव्या दिव्यापाशी बोट नेलं.

‘कंगवा,’ तो म्हणाला. ‘अं, एके काळी मला लागायचा.’ टिंग. ‘खिशात असायचा. तेव्हा माझं पहिलं दुकान होतं. म्हणजे,’ टिंग, ‘ते बंद झालं. काचा घासायचं मशीन बंद पडलं, दुरुस्त करायला कुणी मिळेना, आणि मी, आपलं ते,’ टिंग, ‘दुकानाला कुलूप लावून घरी आलो. वर गेलोच नाही. आई आत होती. तिला काय सांगायचं? जिन्यावर बसलो.’

मॅनेजर मान खाली घालून पुढच्या चिठ्ठ्या सारख्या करत होता. त्याचा हात मंदावला.

‘जिन्यावर मी बसलो होतो,’ चष्मेवाला म्हणाला. हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हिरवा लागला. ‘आणि, अं,’ टिंग, ‘रडत होतो. चांगला रडत होतो. हे मला सांगता येत नाही नीट, पाठ नाही. मग खालून ही आली. माझी बहीण. कामावरून. हातात पिशव्या, दोन्ही हातांत, ती बरोबर सांगत होती. मला वाटलं बाजूने निघून जाईल. जिना अरुंद होता. आमच्या जिन्याचं असं होतं की, म्हणजे,’ टिंग, ‘शेजाऱ्यांच्या सायकली असायच्या कठड्याला…’

‘सायकली सोडा,’ औषधवाली पुटपुटली. घंटीवाल्याने बोलायचं नसतं; आजवर ती बोललीही नव्हती.

पिवळा लागला. चष्मेवाल्याने तो पाहिला आणि तो गडबडला. पाठ केलेल्या भाषणात त्याला सिग्नलकडे बघायची वेळच येत नसे. तो सायकलींतून बाहेर पडला आणि आईच्या आजारपणात शिरला, तिथून परतला, खिशातल्या कंगव्यापर्यंत आला, पुन्हा पिशव्यांवर गेला. तांबडा लागला.

‘ती थांबलीच नाही. मी काय म्हणतो ते लक्षात घ्या, ती थांबली नाही, चढता चढता मला म्हणाली…’

मॅनेजरने टाळी वाजवली. यात त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. तांबडा लागून गेला होता आणि सभाध्यक्षाने सुरुवात करायची असते. दुसऱ्याने वाजवली, तिसऱ्याने वाजवली, आणि सगळा वर्ग सवयीने एका तालात टाळ्या वाजवू लागला. चष्मेवाला त्या टाळ्यांत उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तो वाक्य पुरं करत होता. पहिल्या रांगेलाही ते ऐकू आलं नाही. टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं होती. औषधवालीच्या हातात घंटी होती, त्यामुळे तिचं कारण धरता येईल. बहिणीच्या हातात काही नव्हतं.

तो बसला तेव्हा टाळ्या थांबल्या.

‘कंगव्यासारखा विषय,’ मॅनेजर उठून म्हणाला आणि तिथेच अडला. मग त्याने पुढची चिठ्ठी काढायला सांगितली.

शेवटी मतं मोजली गेली. आमच्याकडे चिठ्ठीवर नाव लिहून मत द्यायचं असतं आणि जिंकणाऱ्याला फीत मिळते. उत्स्फूर्तची फीत ‘टॉवेल’वर बोललेल्या सभासदाला गेली. तयार भाषणाची फीत, नेहमीप्रमाणे, चष्मेवाल्याला. त्याच संध्याकाळी, त्याच माणसाने, त्याच जिन्याच्या दोन हकीकती सांगितल्या. खोट्या हकीकतीला फीत मिळाली, आणि खरीला टाळ्या जास्त मिळाल्या. मूल्यमापनाची फीत बहिणीला मिळाली नाही. ज्याला मिळाली त्याने हातवाऱ्यांबद्दल काहीच म्हटलं नव्हतं.

चहा मास्तरांच्या ऑफिसात असतो, मोडक्या स्टिअरिंगच्या शेजारी. मॅनेजर कप घेऊन बहिणीजवळ आला. बराच वेळ साखर ढवळत राहिला. नंतर आम्हाला कळलं, तो बिनसाखरेचा घेतो.

‘मघाशी आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते सांगत होते,’ तो म्हणाला. ‘ती चढता चढता म्हणाली. काय म्हणाली?’

‘वेळ संपली होती.’

‘आता सभा संपली, ताई. घंटी नाही की दिवा नाही.’

‘म्हणाली, बाजूला सरक. मशीन बंद पडलंय, तू नाहीस. केस विंचर, डोळे पूस आणि दार उघड, आई आत आहे आणि मला भूक लागलीय.’

‘एवढं सगळं?’

‘एका दमात. पिशव्या जड होत्या.’

मॅनेजरने चमचा बशीत ठेवला. त्याच्या मनात एक बाई जिन्यावरून उठून उभी राहत होती, आणि तिच्या जागी एक माणूस बसत होता.

‘म्हणजे तुम्ही…’

‘मी कोट बेतते,’ बहीण म्हणाली. ‘मशीन बंद पडलं तर दुसरं आहे. ते पण बंद पडलं तर हाताने शिवते. मला तेवढंच सांगायचं होतं त्या दिवशी. तुम्ही मान हलवलीत.’

‘सोमवारी या,’ मॅनेजर म्हणाला. ‘मापं घ्यायला. स्वयंपाकघरातली माणसं दुपारीच मोकळी असतात, दुपारी या.’

‘येते.’

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्याकडची माया आता मोकळी झाली होती आणि तिला कुठेतरी जागा द्यायला हवी होती. तो ऑफिसच्या दारापाशी उभ्या असलेल्या चष्मेवाल्याकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चष्मेवाला उभा असल्यामुळे उंची बरोबर होती.

‘रडण्यात लाज कसली,’ तो म्हणाला.

‘नाही, ते तसं खूप जुनं…’

‘असू दे, असू दे. आमच्या रिसेप्शनच्या पोरांचे डोळे तपासायला तुमच्याकडे पाठवणार होतो या आठवड्यात. घाई नाही. तुम्हाला ताण नको. सावकाश बघू.’ आणि खांदा दोनदा थोपटून तो गेला.

औषधवाली घंटी पिशवीत घालत होती. तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. ‘दर वाक्याला घंटी मारायला लावलीत आज,’ ती म्हणाली. ‘पण इतक्या वर्षांत मी ऐकलेलं हे तुमचं पहिलं भाषण.’

चष्मेवाल्याने हे जमेत धरायचं की खर्चात, ते न ठरवता फीत खिशात टाकली आणि खाली उतरला. बहीण फाटकाशी त्याची वाट बघत होती. दोघांचं घर एकाच रस्त्यावर आहे, तिचं आधी लागतं.

‘मिळालं ना काम?’ त्याने विचारलं.

‘सोमवारी बोलावलंय.’

‘माझं गेलं.’

‘ऐकलं. सावकाश बघू म्हणाला.’

‘मी सांगितलं नव्हतं तुला, असंच होईल म्हणून?’

‘सांगितलं होतंस.’

‘आता डोळे कुणाचे तपासू?’

‘त्याच्या पोरांना दिसेनासं झालं की येतील. जवळ दुसरं दुकान कुठाय?’ बहीण म्हणाली. ‘पण तो मान हलवेल, महिनाभर तरी. मला सवय आहे, मी सांगेन कसं सोसायचं ते.’

तो जरा हसला. पुढच्या वळणावर म्हणाला, ‘स्पर्धेला कुठलं नेऊ, छोटे?’

‘कंगव्याचं.’

‘ते स्पर्धेच्या सात मिनिटांत बसत नाही. दोन मिनिटांत तरी कुठे बसलं.’

‘सायकली काढ. आईचं आजारपण काढ. पिशव्या राहू दे.’ ती तिच्या फाटकापाशी थांबली. ‘उद्या दुकान बंद केल्यावर घेऊन ये. जास्तीचं कुठे कापायचं ते मी खूण करून देते.’

‘आणि वाक्य?’

‘वाक्य तू म्हणायचं नाहीस. ती म्हणाली, असं सांगायचं.’ तिने फाटक उघडलं. ‘आणि त्याच्याआधी थांबू नकोस.’